चोवीस कोळंब्यांचे बिऱ्हाड

आमच्या मातोश्री मूळच्या रत्नागिरीच्या. कोळंबी म्हटली की त्यांच्या डोळ्यांपुढे खवलेले खोबरे, चार आमसुले आणि चुलीवर तापलेली कढई एवढेच उभे राहते. त्यामुळे त्यांच्या नातीने, म्हणजे आमच्या चिमीने, एके दिवशी काचेच्या टाकीत दहा जिवंत कोळंब्या आणून सोडल्या, तेव्हा मातोश्री बराच वेळ टाकीपुढे कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढ्याशा? एका घासालाही पुरायच्या नाहीत गो!”

चिमी दोन दिवस आजीशी बोलली नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. कुठल्याही घरगुती संकटात प्रथम शब्दकोशाकडे धावणे हा आमच्या धंद्याचा रोगच आहे. कोळंबी, झिंगा, जवळा, सुकट, सोडे – या प्राण्याला व त्याच्या भाईबंदांना मराठीत नावांची वाण नाही. पण एकूण एक नावे बाजारातून स्वयंपाकघरात जाणारी. पाळलेल्या कोळंबीसाठी आमच्या भाषेत वेगळा शब्दच नाही. तो असण्याचे कारणही नव्हते. ही हौस फार जुनी नव्हेच. जपानचे छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८० नंतरच्या दशकात टाकीतले शेवाळ खाण्यासाठी गोड्या पाण्यातल्या कोळंब्या सोडायला सुरुवात केली आणि तिथून हे वेड जगभर गेले. चिमीकडे होती ती जात निराळी: निओकॅरिडिना डेव्हिडी. शास्त्राच्या दप्तरी तिची नोंद १९०४ साली झाली. चीन आणि तैवानच्या ओढ्यांत राहते तेव्हा ती मातकट-हिरवट, कुणाचे लक्षही जाऊ नये अशी असते. लोकांनी निवडून निवडून तिची लालभडक वाण काढली आणि ती ‘चेरी’ या नावाने विकली जाऊ लागली. लांबी जेमतेम इंचभर. आयुष्य एक-दीड वर्षाचे, फार तर दोन.

दहाच्या वर्षभरात चोवीस झाल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास, २०२४ च्या उन्हाळ्यात, सौ.ला बँकेत बढती मिळाली. बढतीच्या मागोमाग नागपूरचा हुकूम आला. मीही तिकडच्या एका महाविद्यालयात जागा पाहिली. पुण्यातले पंधरा वर्षांचे बिऱ्हाड हलवायचे ठरले. चिमी बारा वर्षांची. शाळा सुटणार, मैत्रिणी सुटणार, सायकलचा रस्ता सुटणार. तिने आकांडतांडव केले असते तर बरे झाले असते; तिने फक्त एक अट घातली.

“कोळंब्या येणार. एकूण एक. आणि ट्रकमधून नाही, आपल्या गाडीतून.”

मी शब्द दिला. मे महिना होता आणि अंतर सातशे किलोमीटरच्या वर होते, हे शब्द देताना माझ्या लक्षात होते असे म्हणवत नाही.

चिमीने ज्यांच्याकडून कोळंब्या घेतल्या होत्या त्या दुकानदारांकडे आम्ही सल्ला विचारायला गेलो. गृहस्थ मोठे जाणते. त्यांनी जे सांगितले ते चिमीने एका वहीत उतरवून घेतले आणि मी मान डोलवली. त्यातले इतके सोपे होते की मला ते पटले नाही, हीच पुढच्या साऱ्या रामायणाची सुरुवात.

त्यांचे म्हणणे असे. प्रवासात या जिवांना मारणाऱ्या गोष्टी तीन: उष्णता, कोंडलेली घाण आणि प्राणवायूचा तुटवडा; आणि तिघी एकमेकींचा हात धरून येतात. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. आणि त्याच वेळी तापलेल्या पाण्यातल्या प्राण्याला मात्र तो जास्त लागतो. आवक घटते तेव्हाच खर्च वाढतो, हे पगारदार माणसाला वेगळे समजावून सांगायला नको. म्हणून पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा. लहान प्रवासात पाण्यात असलेल्या प्राणवायूवर भागते. लांबच्या प्रवासात वरची हवा हीच खरी शिल्लक. पिशव्या दुहेरी, कोपरे रबराने बांधून गोल केलेले, म्हणजे कोळंबी कोपऱ्यात चेपून मरत नाही. पिशवी आडवी ठेवावी, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग मोठा होतो. आत शेवाळाचा एक छोटा झुपका टाकावा. मासा पाण्यात तरंगत राहतो, कोळंबीला काहीतरी धरून बसावे लागते. आधार नसला तर गाडीच्या प्रत्येक हिसक्याला ती घुसळून निघते.

“आणि सर,” ते शेवटी म्हणाले, “निघण्याआधी दोन दिवस खायला काही घालू नका. वाटेत तर मुळीच नाही. खाल्ले नाही तर घाण नाही. भरल्या टाकीत आठवडाभर खाणे नाही मिळाले तरी शेवाळावर जगतात, दोन दिवसांनी काही होत नाही.”

हे वाक्य ऐकताना मला काहीतरी टोचले. आमच्या घरातून आजवर कुणी उपाशी प्रवासाला गेलेले नाही.

तयारीचे आठ दिवस मात्र मोठ्या उत्साहात गेले. चिमीने औषधाच्या दुकानातून थर्माकोलची एक पेटी मागून आणली. टाकीतले जुने पाणी भरून न्यायला वीस-वीस लिटरचे दोन कॅन आणले. मातोश्रींचा विरोध आता बराच मावळला होता, त्यांनी आपणहून माळ्यावरचा तांब्याचा हंडा खाली काढला आणि म्हणाल्या, “त्यांचं पाणी यात न्या. तांब्यातलं पाणी शुद्ध राहतं.” चिमी किंचाळलीच. तांबे म्हणजे कोळंबीला विष! गंमत अशी की, या प्राण्याच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो घटक आहे तो तांब्याचाच बनलेला असतो. आपल्या रक्तात लोखंड तसे तिच्या रक्तात तांबे. पण तेच तांबे पाण्यात जरासे जास्त उतरले की ती दगावते. हे ऐकून मातोश्री हंडा परत नेताना पुटपुटल्या, “कुणाचं काय नि कुणाचं काय.”

टाकी रिकामी करून, तळची वाळूही काढून, गाडीच्या मागच्या डिकीत गोधडीत गुंडाळून ठेवली. भरलेली किंवा वाळूसकट टाकी उचलली तर काचेचे सांधे सुटतात. गाळणीचा स्पंज मात्र न धुता, जुन्या पाण्यात भिजवून, झाकण सैल ठेवलेल्या डब्यात घेतला. त्या कळकट स्पंजातच सारी मख्खी असते. त्यातले सूक्ष्म जिवाणू कोळंबीच्या मलमूत्रातल्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. स्पंज वाळला किंवा हवेवाचून कोंडला की हे जिवाणू मरतात, आणि नव्या गावी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो.

रात्री दहाला चिमीने कोळंब्या भरायला घेतल्या. आठ एका पिशवीत, आठ दुसऱ्या पिशवीत. उरलेल्या आठ थोराड माद्या; त्यांतल्या तिघींच्या पोटाखाली अंडी होती. कोळंबीची मादी अंडी शेपटीखाली धरून तीन-चार आठवडे सारखी पाय हलवून त्यांना वारा घालीत असते. आपल्याकडे ‘लेकुरवाळी’ हा शब्द आहे, तो मला त्यांच्यासाठी फार आवडला. या लेकुरवाळ्यांना पिशवीत दाटीवाटी नको म्हणून चिमीने त्यांना अर्ध्या लिटरच्या नव्या, रुंद तोंडाच्या बरणीत ठेवले. तिसरा हिस्सा पाणी, वर हवा, आत शेवाळाचा झुपका. झाकण घट्ट. सगळे पेटीत रचून ती झोपायला गेली.

वाचकहो, आता जे सांगतो ते मी पुढे पाच दिवस कुणालाही सांगितले नव्हते.

अकराच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो. पेटी उघडून पाहिली. बरणीच्या तळाशी चार बोटे पाणी आणि त्यात दाटीने बसलेल्या त्या आठजणी. सातशे किलोमीटरचा प्रवास, दोन दिवसांचा उपास, त्यात तिघी पोटुशा. आमच्या लहानपणी गोष्टीतली आई सासरी निघालेल्या मुलीबरोबर तहानलाडू आणि भूकलाडू बांधून द्यायची. मला ते पाहवेना. मी कॅनमधले जुने पाणी घेऊन बरणी काठोकाठ भरली. शेवाळाचा आणखी एक मोठा झुपका घातला. आणि फ्रीजमधल्या काकडीची एक पातळ चकती कापून आत सोडली. झाकण लावले, आणि पुण्यकर्म केल्याच्या समाधानात झोपलो.

पहाटे साडेतीनला निघालो. शिरूर, नगर, नेवासा फाटा. उजाडता उजाडता छत्रपती संभाजीनगरच्या अलीकडे. पेटी मागच्या सीटवर, चिमी आणि मातोश्री यांच्यामध्ये. डिकीत वातानुकूलनाचा वारा पोचत नाही आणि ती भट्टीसारखी तापते, म्हणून पेटी तिथे ठेवायची नाही हा वहीतला नियम क्रमांक चार. पेटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बर्फाच्या दोन बाटल्या होत्या. उघड्या बर्फाला पिशवी टेकली तर एकाच बाजूचे पाणी एकदम थंड होते, आणि तेही उष्णतेइतकेच वाईट. तापमापकाची तार झाकणाच्या फटीतून आत गेलेली होती, त्यामुळे पेटी न उघडता आकडा दिसत होता. तो पंचवीसवर होता. चिमी दर अर्ध्या तासाने तो वहीत टिपत होती.

संभाजीनगरजवळ सावंगीला समृद्धी महामार्गाला लागलो. रस्ता असा की गाडी चालवतोय की नुसते बसलोय हे कळू नये. जालना गेले, मेहकर गेले. बाहेरचे ऊन पांढरे झाले. आकडा सत्तावीस.

कारंज्याच्या पुढे गाडीचे मागचे चाक बसले.

दुपारचा दीड वाजला होता. दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर झाड नाही. चाक बदलायचे म्हणजे इंजिन बंद, इंजिन बंद म्हणजे गार वारा बंद. सौ. आणि मी चाकाशी झटत होतो. पेटी गाडीच्या चिंचोळ्या सावलीत, कठड्याच्या आत उतरवून ठेवली. आकडा अठ्ठावीस, मग एकोणतीस. चिमीच्या तोंडावरचा रंग उडाला. तेव्हा मातोश्रींनी पिशवीतून आपले पातळ काढले, पिण्याच्या पाण्यात भिजवले, पिळले आणि पेटीभोवती गुंडाळले; स्वतः शेजारी बसून वर छत्री धरली. विदर्भातली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या कापडातले पाणी भराभर उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. वाळ्याच्या ताट्यांचे कूलर नागपुरात चालतात आणि रत्नागिरीत चालत नाहीत ते याच कारणाने. हे शास्त्र मातोश्रींना ठाऊक असण्याचा संभव नाही. त्यांनी आंब्याच्या पेटीला लावतात तसे ओले फडके लावले. पन्नास मिनिटे लागली. आकडा साडेतीसला जाऊन थांबला, पुढे सरकला नाही.

शिवमडक्याला महामार्ग संपला आणि साडेपाचला आम्ही नव्या घरी पोचलो. पंखे, दिवे, गॅस कशाचाही पत्ता नव्हता. पण टाकी आधी उभी राहिली. चाळीस लिटर जुने पाणी, जुना स्पंज, हवेचा पंप. पिशव्या मंद उजेडात उघडल्या. सोळाच्या सोळा जिवंत! चिमी नाचली. लगेच तिने पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब पाणी पिशवीतल्या भांड्यात सोडायला सुरुवात केली. हे ताबडतोब करावे लागते. बंद पिशवीत कोळंब्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठून पाणी आम्लधर्मी झालेले असते, आणि तशा पाण्यात अमोनियाला दात नसतात. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, आम्लता उतरते आणि अमोनियाला दात फुटतात.

बरणी मी हातात घेतली होती. पाणी दुधाळ दिसत होते.

“मी हिला मोरीजवळ नेऊन उघडतो,” मी म्हणालो. झाकण काढताच वास आला. काकडीची चकती बुळबुळीत झाली होती. तळाशी पाचजणी आडव्या. मेल्यावर कोळंबी शिजवल्यासारखी गुलाबी-पांढरी होते, ते मी त्या दिवशी पाहिले. तिघी काठाशी, पाण्याबाहेर येण्याच्या धडपडीत. वर हवा नव्हतीच. माझ्या उदार हाताने ती सगळी बाहेर काढली होती. अंधारात शेवाळही प्राणवायू देत नाही, उलट घेते. आणि मी ते दुप्पट घातले होते. सडणाऱ्या काकडीने उरलासुरला संपवला होता. मी चकती चिमटीने उचलून कचऱ्यात टाकली, वर कागद दाबला, आणि मग हाक मारली.

चिमी रडली नाही. तिने तिघींना वाचवले, पाच मोजल्या. मेलेल्यांतल्या एकीच्या पोटाखाली अंडी अजून ताजी दिसत होती. ती तिने रंगाच्या कुंचल्याने सोडवली, चहाच्या नव्या गाळणीत ठेवली आणि गाळणी टाकीत हवेच्या बुडबुड्यांशेजारी टांगली, म्हणजे आईच्या पायांचे काम बुडबुड्यांनी करावे.

“पंक्चरमुळे झालं,” मी म्हणालो. पुढे चार दिवस मी त्या पंक्चरच्या आडोशाला राहिलो.

पण मुलगी विचार करणारी आहे. पेटी एक, तापमान एक, मग बरणीतल्याच का? पाचव्या दिवशी मी सामान लावत असताना तिची वही हाती आली. तापमानाच्या आकड्यांखाली तिने लिहिले होते: ‘पाच मेल्या. कारण : बरणी. पिशवी आडवी असते, बरणी उभी. पृष्ठभाग कमी पडला. पोटुशींना मी बरणीत ठेवायला नको होते. चूक माझी.’

वीस वर्षे मी लाल शाईने दुसऱ्यांच्या चुका काढीत आलो आहे. खिशात पेन होतेच. ‘माझी’वर काट मारली आणि वर ‘बाबांची’ असे लिहिले. समासात सगळी हकीकत लिहिली – काठोकाठ पाणी, शेवाळ, काकडी, कचऱ्याचा कागद. खाली सही करून वही तिच्या टेबलावर ठेवली आणि महाविद्यालयात निघून गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आजीशी अबोला दोन दिवसांचा होता, माझ्याशी चार दिवसांचा झाला. चौथ्या रात्री जेवताना ती म्हणाली, “बाबा, तू त्यांना मारायला नव्हतं टाकलंस ते मला कळतं. पण तू मला चार दिवस पंक्चर म्हणालास.”

मी भाताकडे पाहत राहिलो. मातोश्रींनी माझ्या पानात वरण वाढले.

पुढे आणखी एक गेली. आमच्या नव्या घरी बोअरचे पाणी, पुण्याच्या नळाच्या मानाने फारच जड. विरघळलेल्या क्षारांचे मोजमाप पुण्याला १४० आणि इथे ४२० भरले. कोळंबी वाढताना कात टाकते. पाणी एकाएकी बदलले की जुने कवच नीट फाटत नाही, मधोमध पांढरे कडे दिसते आणि ती त्यातच अडकते. तेव्हापासून आम्ही फिल्टरचे पाणी बोअरच्या पाण्यात मिसळून, एका वेळी दोनच लिटर बदलतो. गाळणीतल्या वीसेक अंड्यांपैकी बहुतेकांना बुरशी धरली, पण तीन आठवड्यांनी चार पिल्ले निघाली. दोन मिलिमीटरची, आईबापांची हुबेहूब प्रत, टाकीच्या काचेवर चालत होती. शेजारचे काका पाहायला आले. “झिंगे पाळता का जी तुम्ही?” त्यांनी विचारले. मातोश्रींनीच उत्तर दिले, “हो. आणि खायचे नाहीत.”

पुण्याहून आलेल्या त्या साऱ्या आता आयुष्य संपून गेल्या आहेत. टाकीत आहेत त्या नागपूरच्या जन्मलेल्या. मोजणे आम्ही सोडून दिले आहे. यंदा दिवाळीत आठ दिवस पुण्याला जायचे ठरले आहे. कोळंब्या इथेच राहतील. चिमीने टाकीवर चिठ्ठी चिकटवली आहे: ‘खायला काहीही घालू नये.’ ती शेजाऱ्यांसाठी आहे असे ती म्हणते, पण चिठ्ठी तिने निघायच्या आठ दिवस आधीच लावली आहे, आणि घरात अजून आम्हीच आहोत.